'पुरुमेंत'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : पुण्याहून आलेल्या सुनेला 'पुरुमेंत' समजावताना मी 'साठवण' म्हटलं, पण माझंच समाधान झालं नाही. नेमका शब्द कोणता?

उत्तर : 'साठवण' तोकडा पडतो, 'बेगमी' म्हणा. पुरुमेंत पोर्तुगीजमधल्या 'प्रोव्हिमेंतु'वरून कोकणीत आला आणि गोव्यात मराठी बोलणाऱ्या आमच्याही तोंडी बसला. पावसाळ्याचे चार महिने पुरेल असा शिधा उन्हाळ्यातच घरात आणून ठेवणं, हा त्याचा अर्थ. बेगमी फारसीतून आला. बे-गम म्हणजे चिंता नसलेला. घर भरलं की जीव निश्चिंत होतो, तीच ती बेगमी. डब्या-बरण्यांतल्या जिनसांना हे नाव मागाहून मिळालं.

आमच्या डिचोलीच्या घरी आजोबांची 1968 सालची खर्चाची वही आहे. मे महिन्याची दोन पानं गच्च भरलेली : उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या, सोलं, चिंच, जाडं मीठ, सुके बांगडे, कांद्याच्या माळा. जुलैच्या पानावर चारच ओळी : चहापूड, साखर, रॉकेल, काड्यापेटी. आजी चिंचेला मीठ चोळून गोळे वळायची आणि बरणीत दाबून बसवायची. कांद्याच्या माळा चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुराने त्या कोरड्या राहत. ही सगळी मेहनत पुरुमेंतात धरलेली असे.

पुढे वडिलांना सरकारी पगार सुरू झाला आणि वहीत 'महिन्याचं सामान' हा मथळा आला. 1987 सालच्या वहीत मे आणि जुलै जवळजवळ सारखेच दिसतात. नवे खर्च मात्र आहेत : सिलिंडर, वीजबिल, विम्याचा हप्ता. विम्याच्या हप्त्याला कोणी बेगमी म्हणत नाही, तिथे 'तरतूद' हाच शब्द. बेगमी वस्तूंची, तरतूद पैशांची. आमच्या घरात एकीची जागा दुसरीने कधी घेतली, ते त्या दोन वह्यांत दिसतं. आज मुलगा दर दोन दिवसांनी फोनवरून सामान मागवतो. त्याला आमच्याकडे नुसतं 'ऑर्डर' म्हणतात, आणि हे मला खरंच खटकतं.

आणखी एक उत्तर : पुरुमेंत गेलं असं मात्र समजू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे सुक्या मासळीपुरतं ते अजून होतंच. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा, नाहीतर मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला. विकणाऱ्या बायकांच्या तोंडून हा शब्द ऐकू येईल. पलीकडे कोकणात याच खरेदीला 'आगोटीची खरेदी' म्हणतात. आगोट म्हणजे पावसाची सुरुवात. तोही शब्द सुनेला सांगा.

मूळ प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. काल सुनेला 'बेगमी' म्हटलं. तिने लगेच विचारलं, "मग आई, यंदा मिरच्या किती किलो आणायच्या?"