गेमच्या पुस्तकात जग किती द्यायचं?

घाटवाटा:
दीड वर्ष झालं स्वतःचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलत बोलत खेळायचा गोष्टीचा खेळ) लिहितोय. नियम ३० पानांत बसलेत पण जगाची माहिती ७० पानांवर गेलीये, राजघराणी, देव, ४०० वर्षांचा इतिहास, सगळं. परवा रविवारी पहिल्यांदा खेळून बघितलं तर एका मैत्रिणीने कॅरेक्टर बनवताना विचारलं, "माझी ही मीठ विकते, चालेल ना? की तुझ्या जगात मिठाचं काही वेगळं असतं?" आणि मग पुढे तीन तास ती प्रत्येक गोष्ट मला विचारून विचारूनच करत होती. खूप वाईट वाटलं. कापू का सगळं?

फासावीस:
नका हो कापू सगळं! अशा गेमपैकी सगळ्यात प्रसिद्ध डंजन्स अँड ड्रॅगन्स, त्याची १९७४ ची पहिली आवृत्ती जवळपास जगाशिवायच आली, ज्याने त्याने आपापलं रचायचं, आणि लगेच १९७५ ला एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन आला तो त्याचे लेखक बार्कर यांनी रचलेलं टेकुमेल नावाचं अख्खं जग घेऊन, तिथल्या भाषेसकट. म्हणजे दोन्ही प्रकार पहिल्यापासून आहेत आणि दोन्हीवर जीव टाकणारे लोक आहेत. मला स्वतःला भरगच्च जग आवडतं, रिकाम्या पानावर काय सुचणार?

काळोखी:
मला पानांपेक्षा ती माहिती खेळताना कामाला येते का हे महत्त्वाचं वाटतं. ब्लेड्स इन द डार्क हा चोरांच्या टोळ्यांचा गेम घ्या, डॉस्कवोल शहराची माहिती त्यात भरपूर आहे, पण तुम्ही टोळी बनवता तेव्हाच ठरवावं लागतं की ज्या भागात धंदा करणार तो कुठल्या मोठ्या टोळीचा आहे आणि तिला हप्ता दिला का. नाही दिला तर पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी वाकडं. एवढ्याशा गोष्टीत शहर अंगावर येतं, इतिहास वाचायची गरजच पडत नाही. तुमच्या ४०० वर्षांपैकी आज कुणाच्या घरात भांडण लावतंय तेवढं ठेवा, बाकी तुमच्या वहीत राहू द्या.

आणि काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडा. एबेरॉन हे डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी लिहिलेलं २००४ चं जग, त्यात सायर नावाचा देश एका दिवसात उद्ध्वस्त झालाय, पण कशामुळे ते अधिकृत पुस्तकांत सांगितलेलंच नाही, जो खेळ चालवतो त्याने ठरवायचं. मी हे दोन वेगवेगळ्या ग्रुपसोबत खेळलोय आणि दोन्हीकडे कारण पूर्ण वेगळं निघालं, आणि दोन्ही वेळा ते आमचं होतं.

घाटवाटा:
काळोखी, हप्त्याचं वाचून रात्री बसलोच. राजघराण्यांची ११ पानं काढली, त्या जागी एक पान लिहिलं, मिठाच्या बैलांवर घाटात दोन नाक्यांवर जकात घेतात, खालचा नाका राजाचा. वरचा कुणाचा ते लिहिलेलं नाही. येत्या रविवारी तिलाच विचारणार.