मदत हवी आहे : 'लॅसी' जेफपासून दाखवू की टिमीपासून?

नमस्कार मंडळी. माझ्या आठ वर्षांच्या भाचीला कुत्र्यांचं भयंकर वेड आहे. तिला जुन्या अमेरिकन मालिका दाखवायच्या ठरवल्यात, पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

'लॅसी' १९५४ ते १९७३ चालली, म्हणजे सगळी बघणं अशक्यच. पहिली काही वर्षं लॅसी ही कोली कुत्री जेफ नावाच्या मुलाची, तो आई आणि आजोबांबरोबर शेतावर राहणारा. मग १९५७ मध्ये अनाथ टिमी येतो आणि जेफ गाव सोडताना लॅसी त्याच्याकडे देऊन जातो. हा निरोप भाचीला झेपेल का? कुणी मुलांबरोबर पाहिलाय? ती रडली की ताई मलाच धरणार! मला स्वतःला जेफचे भाग जास्त आवडतात, टिमीचे जरा गोड गोड वाटतात. (टिमी विहिरीत पडतो म्हणतात ना, तसा तो मालिकेत एकदाही पडलेला नाही. आणि लॅसीचं काम करणारे सगळे कुत्रे नर होते, हे सांगितल्यावर भाची दोन दिवस माझ्यावर रुसली होती.)

दुसरा पर्याय 'रिन टिन टिन', १९५४ ते १९५९. त्यात घोडदळाच्या छावणीत वाढणारा अनाथ रस्टी आणि त्याचा जर्मन शेफर्ड. पण त्यात गोळीबार फार, आणि अपाचे या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचं चित्रण आज खटकतं. ते मुलांना कसं समजावता?

दोन्हींतले नेमके कोणते भाग आधी दाखवू, तेवढं सांगा. शनिवारपासून सुरू करायचंय.