इथिओपियाचं संघराज्य : कलम ३९ ही चूक होती का?

नदीकाठ : इथिओपियाच्या १९९५ च्या राज्यघटनेत प्रत्येक वांशिक समूहाला देशातून फुटून निघण्याचासुद्धा हक्क आहे. कलम ३९. त्या समूहाच्या विधिमंडळात दोन तृतीयांश मतं पडली की तीन वर्षांत सार्वमत. माझ्या मते घोळ तिथेच झाला. भाषावार राज्यांना मराठी माणूस विरोध कसा करेल? पण भाषा शिकता येते, वंश शिकता येत नाही. बेनिशांगुल-गुमुझ प्रांताच्या घटनेत बेर्ता, गुमुझ, शिनाशा, माओ आणि कोमो हेच भूमिपुत्र. तिथे जन्मलेला दुसऱ्या वंशाचा, म्हणजे अम्हारा शेतकरी उपराच.

रानवाट : साफ असहमत. सम्राट हैले सेलासींच्या काळात प्राथमिक शाळा आणि कोर्ट फक्त अम्हारीत चालायचं. ओरोमो आईच्या मुलाने काय करायचं? आणि फुटण्याचा हक्क कागदावर नव्हता म्हणून एरिट्रिया थांबला का? १९५२ मध्ये त्याला संघराज्यात जोडलं, १९६२ मध्ये गिळलं, आणि तीस वर्षं लढून १९९३ मध्ये तो वेगळा झालाच. उलट कलम ३९ वापरून आजवर एकही प्रांत गेलेला नाही. सिदामा समूहाने २०१९ मध्ये सार्वमतानेच देशात राहून स्वतःचा प्रांत मिळवला. नऊ प्रांतांचे आता बारा झालेत.

पारंबी : तुम्ही दोघंही पंचाबद्दल बोलतच नाही आहात. तिथे घटनेचा अर्थ न्यायालय लावत नाही, संघसभा लावते, म्हणजे समूहांचे प्रतिनिधी. ते सत्ताधारी आघाडीचे नाहीतर तिच्या मित्रपक्षांचेच असायचे. २०२० मध्ये कोविडमुळे निवडणूक पुढे गेली, संघसभेने सरकारची मुदत वाढवली. उत्तरेकडच्या टिग्राय प्रांताने ते झुगारून सप्टेंबरात स्वतःची निवडणूक घेतली आणि नोव्हेंबरात केंद्र सरकारशी युद्ध पेटलं. प्रिटोरियाचा शांतता करार व्हायला दोन वर्षं गेली, माणसं किती गेली! दोन्ही बाजूंना मान्य असं न्यायालय असतं तर निदान भांडायला जागा तरी असती.

नदीकाठ : पंचाचा मुद्दा मान्य. पण टिग्राय आणि अम्हारा प्रांतांच्या सीमेवरच्या वोलकाइतचं काय? १९९१ नंतर ते टिग्रायमध्ये घातलं, युद्धात अम्हारांनी घेतलं. दोघंही म्हणतात, इथली माणसं आमची. हद्द वंशावर आखली की असंच होणार.

रानवाट : दिरे दावावर ओरोमो आणि सोमाली दोघांचाही दावा होता. शहर केंद्राकडे ठेवलं. वोलकाइतही तसंच ठेवा, मग सार्वमत घ्या.

पारंबी : सार्वमत कुणाचं? तिथून हाकललेले टिग्रायी अजून छावण्यांत आहेत. आधी त्यांना घरी जाऊ द्या.