‘ग्राफ स्पे’ कुणी हरवली: तोफांनी की तेलाने?

सागरवेडा
काल कुणीतरी लिहिलं की दुसऱ्या महायुद्धात, १३ डिसेंबर १९३९ ला, दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाशी जर्मन युद्धनौका ‘ग्राफ स्पे’चा कॅप्टन लांग्सडोर्फ याने निव्वळ कच खाल्ली, ब्रिटिश ताफ्यातल्या ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीज’ या लहान क्रूझरांच्या (मध्यम युद्धनौकांच्या) ६ इंची तोफा त्याचं काही वाकडं करू शकत नव्हत्या. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

गोळ्यांची वजनं मलाही माहीत आहेत: ११ इंची ३०० किलो, ६ इंची ५१. पण ‘ग्राफ स्पे’वर मोठ्या तोफांची टरेट (तोफांचे फिरते बुरूज) दोनच. ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख हारवूड याने ८ इंची तोफांची ‘एक्झिटर’ एका अंगाला आणि दोन लहान क्रूझर दुसऱ्या अंगाला घातल्या. मोठ्या तोफा ‘एक्झिटर’वर धरल्या की लहान दोघी जवळ सरकणार. लांग्सडोर्फ लक्ष्य बदलत राहिला, आणि दर बदलाला अंतर नव्याने जुळवावं लागतं. डाव हारवूडचा होता.

तोफची
डावाचं श्रेय कबूल, ६ इंचीचं कौतुक नको. सुमारे १७ गोळे लागले तरी जहाज लढत होतं. घाव घातला तो ‘एक्झिटर’च्या ११६ किलोच्या ८ इंची गोळ्याने. डिझेल इंजिनांना टाकीतलं तेल तसंच चालत नाही. आधी ते शुद्ध करायचं, त्यासाठी वाफ लागते, ती सहायक बॉयलरमधून येते. तीच यंत्रणा गेली. वर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आणि भटारखानाही गेला. तयार तेल जेमतेम दिवसभराचं. त्यावर जर्मनी गाठणार कशी?

लाटा
आणि त्या ८ इंचीची किंमत? ०६:२४ ला ‘एक्झिटर’च्या बी टरेटवर (ए, बी ही पुढची टरेट, एक्स, वाय मागची) ११ इंची गोळा फुटला. छर्ऱ्यांनी ब्रिज (कॅप्टनची जहाज चालवायची जागा) धुऊन निघाला, कॅप्टन बेलसकट मोजकेच वाचले. बेल जहाजाच्या मागच्या नियंत्रण-जागेवर गेला, तिथली उपकरणंही निकामी. होडीतलं होकायंत्र समोर ठेवून, खलाशांच्या साखळीतून सुकाणूला हुकूम पोचवले. शेवटी वाय टरेट तेवढं चालू होतं, पाणी शिरून त्याचीही वीज गेली. ६१ माणसं गेली. आकड्यांच्या वादात हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिलं.

तोफची
लिहिलंत ते बरं केलंत. पण ६ इंचीचा मारा हुकत का होता तेही पाहा. गोळे कुठे पडतात ते वरून बघणारं ‘एजॅक्स’चं सीफॉक्स विमान उडालं तेव्हा त्याचा वायरलेस भलत्याच लहरीवर. ०६:४० ला ‘अकिलीज’च्या फायर कंट्रोलवर (तोफांचा नेम ठरवायच्या जागेवर) छर्रे आले, चार जण गेले, दोन जहाजांतला तोफांचा रेडिओ दुवा तुटला. ‘एजॅक्स’ला त्याचा पत्ता नाही. विमान ‘अकिलीज’चे गोळे तोकडे पडल्याचं कळवतंय, ‘एजॅक्स’ ते आपलेच समजून पल्ला वाढवतेय!

डॉकयार्डकर
अवांतर, पण बोलणारच. हीच ‘अकिलीज’ ५ जुलै १९४८ ला आपल्या नौदलाची ‘दिल्ली’ झाली. १९६१ ला दीवच्या किल्ल्यावर हिनेच मारा केला. १९७८ ला निवृत्त केली आणि भंगारात घातली. तिचं एक टरेट ऑकलंडला जपून ठेवलंय, न्यूझीलंडने! आपल्याकडे काय? जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ही २०१४ ला मोडलीच. संताप होतो.

सागरवेडा
संताप समजतो, पण ४५ वर्षांचं जहाज खाऱ्या पाण्यात ठेवायचं तर दर काही वर्षांनी सुकी गोदी, पाण्याखालचे पत्रे मोजणं, पातळ झालेले बदलणं. हे सगळं आठवणीपोटी होत नाही, पैसा लागतो.

डॉकयार्डकर
मग ब्रिटनची ‘बेलफास्ट’ १९७१ पासून लंडनला टेम्सवर उभी कशी? तीही ६ इंची क्रूझरच. कारणं देऊ नका.

सागरवेडा
कारणं देत नाहीये. तिलाही १९९९ ला पोर्ट्समथच्या गोदीत न्यावंच लागलं. फरक खर्च करण्याच्या इच्छेचा, एवढं तुमचं मान्य.

लाटा
मुद्द्यावर या. हारवूडने ०७:४० ला माघार घेतली ती ‘एजॅक्स’वर २० टक्केच दारूगोळा उरल्याचं कळलं म्हणून. तो आकडा एकट्या ए टरेटचा होता. ०७:२५ ला एकाच ११ इंची गोळ्याने तिची एक्स आणि वाय ही दोन्ही टरेट बंद पाडली होती, हेही खरं. ६ इंची पुरेशी होती असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

सागरवेडा
देतो. तेलाची यंत्रणा ८ इंचीने फोडली, हे तोफची यांचं मान्य, नाइलाजाने. पण ‘एक्झिटर’ लढाईतून बाहेर पडल्यावर उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ बंदरापर्यंत दिवसभर ‘ग्राफ स्पे’चा माग काढला तो या दोन लहान क्रूझरांनीच, आणि ११ इंची तोफा असूनही लांग्सडोर्फला त्यांना झटकता आलं नाही.