तिच्या अक्षरातल्या नोट्सचं काय करू?

बार्शीकर_26
पुण्यात नवी पेठेत एमपीएससीची तयारी करतोय, चार वर्षं झाली. आम्ही दोघं एकाच अभ्यासिकेत, शेजारशेजारच्या टेबलांवर. सकाळी सातला मी जागा धरायचो, ती येताना चहा आणायची. रविवारी पर्वती. 103 पायऱ्या चढायच्या आणि वर बसून एकमेकांना चालू घडामोडी विचारायच्या. आमचं प्रेम म्हणजे एवढंच. दुसरं काही करायला पैसेच नव्हते.

मागच्या वर्षी तिची एसटीआयची, म्हणजे राज्यकर निरीक्षकाची, पोस्ट निघाली. पेढे मीच वाटले. माझी त्याच परीक्षेत मेन्स दोन मार्कांनी गेली. दिवाळीनंतर तिचा फोन आला, "घरी तुझ्याबद्दल बोलले. मुलगा काय करतो विचारतात. काय सांगू?" मला उत्तर सुचलं नाही. मग तिनंच थांबवलं. भांडणसुद्धा नाही.

आता अडचण अशी की राज्यघटनेच्या माझ्या सगळ्या नोट्स तिच्या अक्षरात आहेत. समासात हिरव्या पेनानं "हे विसरतोस तू" असं लिहिलेलं. वही उघडली की पानभर पुढे सरकत नाही. पूर्वपरीक्षा आठ आठवड्यांवर आलीय. अभ्यासिका बदलू? गावी जाऊ? वडील फोनवर फक्त "जेवला का" विचारतात, त्यांना काय सांगणार.

सज्जावरून
भाऊ, अभ्यासिका नको, टेबल बदल. मी अशाच कारणानं दीड महिना गावी जाऊन बसलो होतो. पारावर रोज कुणीतरी "निकाल कधी" विचारायचं. परत आलो तर कॉटही गेलेली. वही मात्र स्वतःच्या हातानं उतरवून काढ, रोज चार पानं. रिव्हिजन होते आणि वही तुझी होते. 42 वी आणि 44 वी घटनादुरुस्ती नीट लिही, तिथं सगळेच आपटतात.

कटऑफग्रस्त
44 वी, 1978. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम 300 अ मध्ये टाकला. थोडक्यात, शेजारच्या खुर्चीवर तुझा मूलभूत हक्क राहिला नाही भावा. (सॉरी. माझंही तेच झालंय.)

कर_भरा
मी तिच्या जागी होते, म्हणून सांगते. राग मानू नकोस. पोस्ट निघाली की घरात आपला शब्द चालेल असं वाटतं. स्थळाच्या बाबतीत उलट होतं, तोलामोलाचा म्हणजे पोस्टवालाच हवा. मी आठ महिने घरच्यांशी भांडले. पण तो मला रोज "आता काय, साहेब तुम्ही" म्हणायचा. हसत. घरच्यांनी नाही थकवलं तेवढं त्या हसण्यानं थकवलं.

तू असं काही बोलायचास का? आणि रडू कशाचं येतंय, ती गेली त्याचं, की तिची निघाली आणि तुझी राहिली त्याचं? दोन्हीचं असेल, पण एकदा वेगळं काढून बघ. झोप उडाली असेल तर 14416 लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी लावला होता.

बार्शीकर_26
ताई, मी "मॅडम" म्हणायचो. हसतच.

पेढे वाटून झाल्यावर गच्चीवर जाऊन रडलो होतो. तिनं डोळे बघितले तेव्हा आनंदानं म्हणालो. तिला पटलं नसणार. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दादा, टेबल बदललं. जिन्याजवळचं मिळालं, वरचा पंखा खडखडतो, मालकांना सांगितलंय. कलम 12 ते 35 उतरवून झाली. "हे विसरतोस तू" सुद्धा आधी उतरवलं, मग खोडलं. ते कलम 32 पाशी होतं. त्यातले पाच रिट, म्हणजे कोर्टाचे आदेश, न बघता लिहायला घेतले, अधिकारपृच्छा राहिलाच.