अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचा जुना रंग कसा काढावा? (बजेट ६ हजार)

रानगवा: नमस्कार मंडळी. सासऱ्यांची १९६९ची लँड रोव्हर सीरिज टू-ए रंगवायला घेतोय, कोल्हापुरात. बॉनेट, मडगार्ड, दारांचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे. थरावर थर चढलेत, खरवडलं की खाली मूळ हिरवा दिसतो. पत्र्याला इजा न होता रंग कसा काढू? काम स्वतः करणार, या कामापुरते ६ हजार आहेत.

चेसिसनंबर: सँडब्लास्टिंग. विषय संपला. माझ्या जीपला १८ हजार गेले, पण काम एक नंबर.

पाना१०_११: जीप लोखंडी हो. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या माऱ्यानं ताणला जातो आणि पापडासारखा फुगतो. मित्राचं बॉनेट असंच गेलं. गॅरेजवाला वर म्हणतो, आधीच वाकडं होतं!

उद्यमनगरी: १८ हजार?? कॉस्टिक सोडा गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवा. आमचं लोखंडी गेट असंच साफ केलं. दोनशे रुपयांत काम.

पाना१०_११: अजिबात नको! कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमच खातं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो. सकाळी रंगाबरोबर पत्राही शोधावा लागेल.

उद्यमनगरी: मी गेटचा अनुभव सांगितला. एवढं अंगावर यायचं कारण नाही.

घाटवळण: सँडब्लास्टिंगला +१.

चेसिसनंबर: बघा.

जुनाभिडू: लँड रोव्हरचा पत्रा म्हणजे विमानाचं भंगार, त्याला काही होत नाही.

थोरलीपाती: भंगार नव्हे. बर्माब्राइट म्हणतात त्याला, मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती म्हणून १९४८ पासून हा पत्रा लावला. चेसिस आणि बल्कहेड (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) मात्र लोखंडी. दोन्ही धातू जिथं भिडतात तिथं ओल राहिली की अ‍ॅल्युमिनियम आधी सडतं, पांढरी पूड दिसेल. मूळ मुद्दा: अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं डब्यावर लिहिलेला जेल रिमूव्हर घ्या. लावून वर प्लॅस्टिक पसरा, रंग फुगला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं ओढा. लोखंडी वायर ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर नव्या रंगाखाली फोड येतात. डब्यावर मिथिलीन क्लोराइड असेल तर काम उघड्यावरच करा. तो श्वासातून गेला की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. नायट्राइलच्या पातळ हातमोज्यांतूनही तो आरपार जातो.

जुनाभिडू: आम्ही उघड्या हातानं केलं, काही झालं नाही.

घाटवळण: मीही तेच सांगणार होतो, जेल रिमूव्हर घ्या.

थोरलीपाती: आणखी एक. १९६९चा रंग म्हणजे शिसं असू शकतं. कोरडा ग्राइंडर लावू नका, ओला वॉटर पेपर वापरा, मास्क लावा. उघड्या पत्र्यावर हवेनं लगेच ऑक्साइड चढतं, म्हणून स्कॉचब्राइटनं घासून, पुसून त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर मारा.

रानगवा: सगळ्यांचे आभार. ठरलं: रंग काढतच नाही. बहुतेक ठिकाणी जुना रंग घट्ट बसलाय. पोपडे सुटलेत तेवढेच काढतो, बाकी ३२० नंबरच्या वॉटर पेपरनं ओलं घासून घेतो. पत्रा उघडा पडेल तिथं एपॉक्सी, मग वरून हिरवा. उरलेले पैसे टायरला.

पाना१०_११: मग धागा काढलात कशाला?

थोरलीपाती: नवा थर आधी आतल्या बाजूला मारून बघा. जुना रंग थिनरनं सुरकुतला तर रिमूव्हर आणावाच लागेल.

चेसिसनंबर: ब्लास्टिंगवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.