कौलारू घरात रात्री गिटारचा सराव कसा करावा?

प्रश्न : पडवीतला वादक

रत्नागिरी तालुक्यातील एका किनारी गावात आमचे चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे जुने घर आहे. वयस्कर आत्या रात्री लवकर निजतात आणि पुतणी यंदा बारावीला असल्याने तिचा अभ्यास उशिरापर्यंत चालतो. दिवसभर दुकान सांभाळून गिटारसाठी मला वेळ मिळतो तो रात्रीच. माझ्याकडे पोलादी तारांची साधी अकूस्टिक गिटार आहे. खोलीचे दार लावून घेतले तरी सूर माजघरात स्पष्ट ऐकू येतात, अशी घरच्यांची तक्रार आहे. भिंतींना फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावावेत, असे एका परिचितांनी सुचवले आहे. त्याचा उपयोग होईल का? नवे वाद्य न घेता आणखी काही करता येईल का?

उत्तर : माळ्यावरचा

फोमवर खर्च करू नये, असे मी स्पष्टच सांगेन. फोम किंवा अंड्यांचे ट्रे खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज थोडा कमी करतात. बाहेर जाणारा आवाज अडवण्यासाठी वजन लागते आणि ते या वस्तूंना नसते. आपल्या चिऱ्याच्या भिंतींना ते भरपूर आहे, त्यामुळे दोष भिंतीचा नाहीच. जुन्या कौलारू घरांत खोल्यांमधल्या भिंती बहुधा छपरापर्यंत नेलेल्या नसतात. वर वासे आणि कौले यांच्याखाली सगळ्या घराची हवा एकच असते आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. तुमच्या खोलीला वर लाकडी तक्तपोशी नसेल, तर दार बंद करून फारसे साधणार नाही. दाराखालच्या फटीला गोधडी लावून पाहा, पण फार अपेक्षा ठेवू नका.

म्हणून आवाज उगमापाशीच कमी करावा. तारेचे कंपन ब्रिजमार्फत (तारा ज्या पट्टीवर फळीला अडकवलेल्या असतात ती) पुढच्या पातळ लाकडी फळीला मिळते आणि आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः त्या फळीचा आवाज. ब्रिजच्या अगदी पुढे, तारांच्या खाली, मऊ स्पंजची पट्टी तारांना जेमतेम टेकेल अशी सरकवली, तर कंपन लगेच विरते. साउंड होलवर (फळीतल्या गोल भोकावर) बसवायचे रबरी झाकणही मिळते. त्याने पोकळीतून उमटणारा खर्ज कमी होतो, परंतु फळी वाजतच राहते, हे लक्षात असावे. याच्या जोडीला जाड पिक (तार छेडायची चकती) बाजूला ठेवून बोटांच्या पेरांनी वाजवल्यास फरक लगेच जाणवेल.

उत्तर : खाडीपलीकडे

स्पंजबाबत वरील मत मला मान्य आहे, पण अपुरे वाटते. स्पंज लावल्यावर सूर लांबत नाही, त्यामुळे फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) बोट नीट दाबले गेले नाही किंवा शेजारची तार चुकून अडली, तरी ते कानाला कळत नाही. सारा सराव असाच झाला, तर हात दबकत वाजवायला शिकतो आणि ती सवय पुढे लवकर सुटत नाही. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बदलणे, बोटांचा क्रम, मेट्रोनोमबरोबर (ठरावीक गतीने ठोके देणारे साधन) लय पक्की करणे ही कामे रात्री स्पंज लावून करावीत (मेट्रोनोम अर्थातच इअरफोनवर). सुराचा दर्जा, सूर चढवण्यासाठी तारा ओढणे आणि मोकळे स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून हात फिरवणे) यांसाठी सुटीच्या दिवशी बागेत किंवा पडवीत दिवसाउजेडी बसावे.

पुढेमागे वाद्य घ्यायचे ठरले, तर भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार आणि तिच्या जॅकमध्येच बसणारा छोटा हेडफोन अँप (गिटारचा आवाज फक्त हेडफोनमध्ये ऐकवणारे यंत्र) हा सर्वांत शांत उपाय आहे. तो चार्ज होणारा घ्यावा, कारण पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नसतो. हेडफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज इतका मागे पडतो की लयीत वाजवणे अशक्य होते.

उत्तर : सुरंगी

कायद्याचा मुद्दा कोणी काढण्याआधीच लिहिते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे. परंतु आत्यांची झोप डेसिबल मोजून मोडत नाही, तेव्हा वेळ त्यांनाच विचारून ठरवलेली बरी.

दुसरे असे की, आवाज कमी व्हावा म्हणून काही जण नायलॉनच्या तारा सुचवतील. पोलादी तारांच्या गिटारवर गाठीवाल्या नायलॉन तारा चढवता येतात आणि आवाज सौम्यही होतो. उलट प्रकार मात्र कधीही करू नये : पोलादी तारांच्या नेहमीच्या संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलो, तर नायलॉनचा सुमारे ४० किलो असतो, त्यामुळे क्लासिकल गिटारवर पोलादी तारा लावल्यास तिचा ब्रिज उखडू शकतो.

पडवीतला वादक

सर्वांचे आभार. खोलीला तक्तपोशी नाही, त्यामुळे आवाज कुठून जातो हे आता उमगले. फोमचा विचार सोडला आहे. स्पंज कायमचा लावून ठेवला तर चालेल का?

माळ्यावरचा

तसे करू नये. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत स्पंज ओल धरतो आणि तारा नेमक्या तिथेच गंजतात. वाजवून झाले की स्पंज काढावा, तारा कोरड्या सुती फडक्याने खालून-वरून पुसाव्यात आणि गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत ठेवावी. पावसाळ्यात त्या पुड्या अधूनमधून बदलाव्यात.